तटबंदीचा जमाखर्च



सामान्यज्ञानाच्या पुस्तकात एक प्रश्न ठरलेला असतो. चंद्रावरून दिसणारी पृथ्वीवरची मानवनिर्मित वस्तू कोणती? उत्तरही ठरलेले. चीनची भिंत! कित्येक पिढ्यांनी हे उत्तर पाठ करून गुण मिळविले. पण हे उत्तर चुकीचे आहे. भिंत लांब आहे हे खरे, परंतु तिची रुंदी पाच-सहा मीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या एखाद्या साध्या रस्त्याइतकी. चंद्र येथून ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर. तेथून रस्ता दिसत नाही, तर भिंत कशी दिसणार? २००३ साली चीनचा पहिला अंतराळवीर यांग लिवेई पृथ्वीभोवती फेऱ्या मारून आला. त्याला हाच प्रश्न विचारण्यात आला, तेव्हा भिंत आपल्याला दिसली नाही, असे त्याने सरळ सांगून टाकले.

चंद्रावरून काय दिसते हा प्रश्न बाजूला ठेवू. तटबंदी म्हणजे काय हे समजून घ्यायला कोल्हापूरकरांना इतके लांब जावे लागत नाही. शहरापासून वीस किलोमीटरवर पन्हाळा उभा आहे. आणि ११ जुलै २०२५ रोजी पॅरिस येथे भरलेल्या युनेस्कोच्या बैठकीत मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला, त्या बारांत आपला पन्हाळाही आहे. चीनच्या भिंतीला हा मान १९८७ साली मिळाला होता. म्हणजे आता दोघे एकाच यादीत आले. तेव्हा या दोहोंचा इतिहास शेजारी-शेजारी ठेवून पाहावा, असे आमच्या मनात आले. आम्ही पडलो हिशेबाचे कारकून. आम्हांला प्रत्येक गोष्टीची जमा आणि खर्च अशा दोन बाजू मांडल्याशिवाय चैन पडत नाही. तटबंदीचाही तसाच जमाखर्च मांडून पाहू.

भिंत एक नव्हे, अनेक

चीनची भिंत म्हटले की एकाच राजाने एकाच वेळी बांधलेली एक अखंड भिंत आपल्या डोळ्यांसमोर येते. तसे नाही. इसवी सनापूर्वी पाच-सातशे वर्षे चीनमध्ये अनेक राज्ये होती. ती आपसांत लढत आणि एकमेकांच्या भीतीने आपापल्या सीमेवर भिंती घालीत. म्हणजे पहिल्या भिंती परकीयांसाठी नव्हत्याच, शेजाऱ्यासाठी होत्या.

इ.स.पूर्व २२१ मध्ये छिन राज्याच्या राजाने बाकीची राज्ये जिंकली व शी ह्वांग ती, म्हणजे पहिला सम्राट, हे नाव धारण केले. त्याने दोन कामे केली. आतल्या राज्याराज्यांमधल्या भिंती पाडायला लावल्या आणि उत्तरेकडच्या भिंती जोडून लांबवायला लावल्या. उत्तरेला गवताळ माळावर घोड्यांवरून हिंडणाऱ्या शिओंगनू टोळ्या होत्या. मेंग तियान नावाच्या सेनापतीला तीन लाख माणसे देऊन तिकडे धाडण्यात आले, असे प्राचीन चिनी इतिहासकार सीमा छियान याने लिहून ठेवले आहे. दहा हजार ली लांबीची भिंत हे नाव तेव्हापासूनचे.

ही भिंत दगडविटांची नव्हती. लाकडी फळ्या समोरासमोर उभ्या करायच्या, मध्ये माती टाकायची, ती घाव घालून घट्ट ठोकायची, मग फळ्या वर सरकवायच्या आणि पुन्हा माती टाकायची, असे ते काम होते. जेथे जे मिळेल ते वापरायचे. पुढे हान घराण्याच्या काळात, इ.स.पूर्व दुसऱ्या-पहिल्या शतकात, भिंत पश्चिमेला तुनहुआंगच्या वाळवंटापर्यंत गेली. तेथे चांगली माती नाही, म्हणून बोरूसारख्या गवताच्या पेंढ्यांचा एक थर आणि खडी-वाळूचा एक थर असे एकावर एक रचून भिंत उभारली. दोन हजार वर्षांनंतर तिचे तुकडे आजही उभे आहेत.

आज छायाचित्रांत दिसते ती विटांची, बुरुजांची देखणी भिंत मात्र फार अलीकडची, मिंग घराण्याची (१३६८ ते १६४४). १४४९ साली मंगोलांनी खुद्द चिनी सम्राटाला लढाईत पकडून नेले. त्या धसक्याने पुढची दीडशे-पावणेदोनशे वर्षे भिंतीचे काम चालले. चुन्यात चिकट तांदळाची पेज मिसळून विटा सांधण्याची रीत त्या काळी होती. चीन सरकारने २००९ साली मोजणी केली, तेव्हा एकट्या मिंग भिंतीची लांबी ८,८५० किलोमीटर भरली. म्हणजे कोल्हापूर-मुंबई अंतराच्या वीस पटींहून अधिक. त्यातही २,२३२ किलोमीटर लांबीला भिंत नाहीच, तेथे डोंगर आणि नद्या यांचेच कुंपण आहे. सर्व काळांतल्या सर्व भिंतींची बेरीज २०१२ साली जाहीर झाली, ती २१,१९६ किलोमीटर.

भिंत नेमके काय करते?

आता जमेची बाजू पाहू. घोडेस्वाराला भिंत कायमची अडवत नाही. शिडी लावून माणूस चढतो, पण घोडा चढत नाही. आणि घोड्याशिवाय तो स्वार अर्धा होतो. लूट घेऊन परत जाताना तर भिंत आणखी आडवी येते. म्हणजे भिंतीचे पहिले काम शत्रूला उशीर करण्याचे.

दुसरे काम बातमी पोचविण्याचे. ठरावीक अंतरावर बुरुज. दिवसा धूर, रात्री जाळ. मिंग काळात तर हिशेब ठरवून दिला होता. शत्रू शंभराच्या आसपास असेल तर एक धूर आणि तोफेचा एक बार, पाचशे असेल तर दोन, हजाराच्या वर गेला तर तीन. एका बुरुजाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला सांगायचे. घोडा दौडत पोचायच्या आत बातमी राजधानीकडे निघालेली असे.

तिसरे काम जकातीचे. भिंतीला दारे होती, दारांत ठाणी होती. कोण आला, कोण गेला, कोणता माल आला, परवाना आहे की नाही, हे तेथे तपासले जाई. पश्चिमेचा रेशमाचा व्यापार याच दारांतून चाले.

या ठाण्यांचे दप्तरही सापडले आहे. १९०७ साली ऑरेल स्टाईन या संशोधकाला तुनहुआंगजवळच्या हानकालीन बुरुजांच्या कचऱ्यात लिहिलेल्या लाकडी पट्ट्या मिळाल्या. पुढे १९३० साली दुसऱ्या एका ठिकाणी तशा सुमारे दहा हजार पट्ट्या निघाल्या. त्यांवर लढायांची वर्णने थोडी. कोणत्या शिपायाला किती धान्य दिले, कोणाला कपडे दिले, धनुष्ये किती मोडली, कोण आजारी पडला, कोणता इशारा किती वाजता आला, असा मजकूर फार. म्हणजे हजेरीपत्रक, शिधापत्रक आणि साठा-नोंदवही! दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या अनामिक कारकुनाला आमचा मनःपूर्वक नमस्कार. राजांची चरित्रे लिहिणारे पुष्कळ असतात, शिपायाच्या पोटात काय गेले ते फक्त कारकुनाच्या वहीत सापडते.

पन्हाळ्याचा हिशेब

पन्हाळा ही सीमेवरची सरळ भिंत नव्हे, तो डोंगरी किल्ला. पण कामे तीच. शिलाहार राजा दुसरा भोज याने बाराव्या शतकाच्या अखेरीस येथे बळकट बांधकाम केले. कारण उघड आहे. कोकणातल्या बंदरांकडून घाट चढून देशावर येणारा माल याच टापूतून जाई. वाटेवर नजर ठेवायची, जकात घ्यायची, संकट आले तर वर जाऊन दार लावून घ्यायचे. भोजानंतर यादव आले, मग बहामनी, मग विजापूरची आदिलशाही. प्रत्येकाने भर घातली. सुमारे सात किलोमीटरचा घेरा. कोठे कडा इतका तुटलेला की तट बांधायची गरजच नाही, निसर्गानेच काम केले आहे.

अंबारखाना पाहा. गंगा, यमुना, सरस्वती अशी धान्याच्या कोठारांची नावे. एकट्या गंगा कोठीत पंचवीस हजार खंडी धान्य मावे, असे सांगतात. अंधारबाव पाहा. वरून साधी इमारत वाटते, आत मजल्याखाली मजला आणि तळाला विहीर. पाण्यात शत्रूने विष कालवू नये, म्हणून पाण्यालाच घरात लपविले. वाघ दरवाजा असा वळणात बांधला आहे की आत घुसलेला शत्रू चिंचोळ्या जागेत सापडावा. रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त गडकोटांवर स्वतंत्र प्रकरण आहे. गडावर आधी पाणी पाहावे, एकाच झऱ्यावर भिस्त ठेवू नये, कारण तोफांच्या हादऱ्याने झरा आटतो, अशी बारीक-सारीक शिकवण त्यात आहे. दगडाआधी पाणी आणि धान्य, हा त्यातला धडा. तट कितीही उंच असला तरी आतल्या माणसाला दोन वेळा जेवावे लागतेच.

दार आतून उघडते

आता खर्चाची बाजू. येथे इतिहास आपल्याला जे शिकवतो, ते मुलांना मुद्दाम सांगण्यासारखे आहे.

शी ह्वांग तीचे साम्राज्य भिंतीवरून उडी मारून आलेल्या शत्रूने बुडविले काय? नाही. इ.स.पूर्व २०९ मध्ये नऊशे गरीब माणसांची एक तुकडी सक्तीने सीमेवर पहाऱ्यासाठी नेली जात होती. वाटेत पावसाने रस्ते बंद झाले. उशीर झाला तर कायद्याने मृत्युदंड. तुकडीतल्या छेन शेंग आणि वू क्वांग या दोघांनी विचार केला की पोचलो तरी मरण आणि पळालो तरी मरण, मग उठून मेलेले काय वाईट? त्यांनी बंड पुकारले. ते दोघे लवकरच मारले गेले, पण वणवा विझला नाही. तीन वर्षांच्या आत त्या बलाढ्य घराण्याचा निकाल लागला. ज्यांना भिंतीवर उभे करायचे होते, त्यांच्यापासूनच शेवटाची सुरुवात झाली. आणि भिंत बांधणारा सेनापती मेंग तियान? सम्राट मरताच दरबारी कारस्थानात त्यालाही आत्महत्या करायला लावण्यात आली.

मिंग घराण्याची गोष्टही तशीच. १६४४ साली दुष्काळ आणि करांनी गांजलेल्या लोकांच्या बंडाने राजधानी पेकिंग घेतली, सम्राटाने गळफास घेतला. तेव्हा समुद्राकाठच्या शानहायक्वान ठाण्यावरचा सेनापती वू सानक्वेई याने बंडखोरांशी लढण्यासाठी उत्तरेच्या मांचू फौजेशी हातमिळवणी केली व दार उघडून दिले. मांचू आत आले ते २६८ वर्षे राहिले. दोन-अडीच शतके बांधलेल्या भिंतीचा एकही दगड त्यासाठी पाडावा लागला नाही.

उलट एक उदाहरण त्याच मिंग काळातले. मंगोल सरदार अल्तान खान वर्षानुवर्षे एकच मागणी करीत होता. आम्हांला घोडे विकू द्या आणि धान्य, कापड, भांडी विकत घेऊ द्या. दरबार ते नाकारी. मग तो लुटायला येई. १५५० साली तर तो पेकिंगच्या वेशीपर्यंत आला. अखेर १५७१ साली तह झाला आणि सीमेवर बाजार भरू लागले. त्या भागातले हल्ले पुष्कळ थांबले. भिंत बांधायला लागलेल्या पैशाच्या मानाने बाजार भरवायला कितीसा खर्च आला असेल, याचा हिशेब वाचकांनीच करावा.

पन्हाळ्यावरही हेच दिसते. १६७३ साली कोंडाजी फर्जंद याने अवघ्या साठ माणसांनिशी रात्रीत हा किल्ला आदिलशाहीकडून घेतला. तट तोच, बुरुज तेच, पण आतले लोक गाफील होते. म्हणूनच शिवाजी महाराजांनी किल्ल्याचा कारभार एकाच्या हाती कधी ठेवला नाही. हवालदार, सबनीस, कारखानीस असे निरनिराळ्या जातींचे अधिकारी नेमून कामे वाटून दिली. किल्ल्या एकाकडे, हजेरी आणि हिशेब दुसऱ्याकडे, धान्य-दारूगोळा तिसऱ्याकडे. एक फितूर झाला तरी दुसऱ्याच्या संमतीवाचून दार उघडू नये, ही त्यामागची दृष्टी. आजच्या भाषेत यालाच आपण हिशेब तपासणी म्हणतो.

आणि १८४४? त्या साली कोल्हापूर संस्थानात इंग्रजांच्या इशाऱ्यावर चालणाऱ्या कारभाराने गडकऱ्यांच्या पिढीजात जमिनींच्या व्यवस्थेला हात घातला. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या गड राखले त्यांच्या पोटावरच ते आले. सामानगड, भुदरगड, पन्हाळा येथे गडकरी उठले. इंग्रजांनी तोफा लावून बंड मोडले आणि पन्हाळ्याचा चार दरवाजा पाडून टाकला. तटाचे खरे बळ पहारेकऱ्याच्या भाकरीत असते, ही गोष्ट कारभाऱ्यांच्या ध्यानी आली नाही.

राजदिंडी

तटबंदीचा आणखी एक गुण विसरू नये. बाहेरच्याला अडवणारी भिंत आतल्यालाही कोंडते. १६६० साली सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला. चार महिने झाले. उन्हाळा संपला, पावसाळा लागला, तरी वेढा उठेना. राजापूरच्या इंग्रजांनी तोफा आणून शत्रूला मदत केली. त्या वेळी महाराजांना पन्हाळ्याच्या उंच तटाने वाचविले नाही. राजदिंडीच्या लहानशा वाटेने ते जुलै महिन्यातल्या पावसाळी रात्री बाहेर पडले आणि विशाळगडाकडे निघाले. वेढ्याला चकवा देण्यासाठी दुसऱ्या पालखीत महाराजांचे सोंग घेऊन शिवा काशीद बसले. पायथ्याच्या नेबापूरचे, न्हावी समाजातले हे साधे गृहस्थ. पुढे काय होणार हे ठाऊक असून ते बसले आणि मारले गेले. घोडखिंडीत बाजीप्रभू आणि बांदल मावळ्यांनी देह ठेवला. त्या रात्री स्वराज्याची तटबंदी माणसांची होती.

पायातली माणसे

चीनमध्ये मेंग च्यांग नावाच्या स्त्रीची लोककथा घरोघर सांगतात. तिच्या नवऱ्याला लग्नानंतर लगेच भिंतीच्या वेठीला नेले. थंडी आली, त्याचा पत्ता नाही. ती त्याच्यासाठी उबदार कपडे घेऊन शेकडो कोस चालत गेली. तेथे कळले की तो केव्हाच मेला आणि भिंतीतच गाडला गेला. तिने असा आकांत मांडला की भिंत कोसळली आणि आतली हाडे उघडी पडली. शानहायक्वानजवळ तिचे मंदिर आहे. ही कथा इतिहास नव्हे. पण वेठीने नेलेल्या लाखो माणसांच्या बायकांचे रडणे कोठेतरी साठून राहिले, तेच या कथेतून ऐकू येते.

आपल्याकडे पन्हाळ्याची गंगू तेलिणीची दंतकथा अशीच आहे. तट उभा राहीना, ढासळू लागला, म्हणून बाळंतिणीचा आणि तान्ह्या लेकराचा बळी पायात दिला, असे सांगतात. पुरंदरच्या शेंदऱ्या बुरुजाची दंतकथा तशीच, तिच्यात महार कुटुंबातले तरुण जोडपे पायात जाते. या गोष्टी खऱ्या घडल्या की नाहीत, हा वाद आम्ही घालत नाही. आम्हांला दिसते ते एवढेच की दंतकथेतसुद्धा बळी देण्यासाठी राजाची राणी कोणाला आठवली नाही. तेलीण आठवली, महाराची सून आठवली. चीनमध्ये आणि महाराष्ट्रात, दोन्हीकडे लोकांनी खर्चाची बाजू कथेत लिहून ठेवली, कारण ती दरबारच्या वहीत लिहिली गेली नव्हती.

गडाखालच्या घेऱ्यातही हेच. रामोशी, बेरड, महार, मांग, कोळी यांना गडाच्या पायथ्याला रानवाटा राखण्यासाठी ठेवीत. शत्रूची चाहूल पहिल्यांदा त्यांना लागे आणि शत्रूचा पहिला घावही त्यांच्यावर पडे. ते तटाचे रक्षक, पण राहायचे तटाबाहेर.

भिंतीला बाजू दोन

आता आपल्या घरांत परिचित असलेल्या एका नावाकडे येऊ. ह्युएन त्संग! सातव्या शतकात भारतात येऊन नालंदेला शिकलेले, महाराष्ट्रातही पायी फिरून गेलेले आणि पुलकेशी राजाच्या राज्याचे वर्णन लिहून ठेवणारे हे चिनी भिक्खू. ते चीनच्या सीमेवरून कसे बाहेर पडले, ही हकीकत त्यांच्या चरित्रात आहे.

त्या वेळी देशाबाहेर जायला बंदी होती. त्यांनी परवानगी मागितली, मिळाली नाही. तेव्हा ते गुपचूप निघाले. दिवसा लपायचे, रात्री चालायचे. त्यांना पकडण्याचा हुकूम त्यांच्या मागोमाग सरहद्दीच्या गावी येऊन पोचला. तेथला अधिकारी बौद्ध उपासक होता. त्याने तो हुकूम त्यांच्यासमोर फाडून टाकला आणि लवकर निघा म्हणून सांगितले. पुढे युमेन ठाण्यापलीकडे वाळवंटात पाच पहाऱ्याचे बुरुज होते आणि पाणी फक्त त्या बुरुजांपाशी. पहिल्या बुरुजाखाली रात्री पाणी भरत असता सूंऽऽ करीत एक बाण आला, गुडघा थोडक्यात वाचला. मी राजधानीकडून आलेला भिक्खू आहे, बाण मारू नका, असे ते ओरडले. बुरुजावरच्या नायकाने त्यांना वर नेले, विचारपूस केली, परत जाण्याचा आग्रह केला. ते ऐकेनात, तेव्हा त्यानेच शिधा-पाणी बांधून दिले आणि पुढची वाट दाखविली.

मुलांनो, यात काय दिसते? बाण शत्रूवर सुटला नव्हता. आपल्याच देशातल्या, ज्ञानासाठी बाहेर पडू पाहणाऱ्या एका निःशस्त्र माणसावर सुटला होता. भिंत दोन्हीकडे पाहते. आणि त्या भिंतीतून वाट काढून दिली ती दोन सरकारी नोकरांनी. एकाने कागद फाडला, दुसऱ्याने शिधा दिला. त्यांनी तसे केले नसते तर त्या काळच्या भारताबद्दल आज आपल्याला ठाऊक असलेले कितीतरी ठाऊक झाले नसते. ह्युएन त्संग ६४५ साली ग्रंथांचे मोठे भांडार घेऊन मायदेशी परतले, तेव्हा सम्राटाने त्यांचे स्वागत केले.

पुढे चौदाव्या शतकात पेकिंगच्या उत्तरेला, च्युयुंगक्वान खिंडीत एक संगमरवरी कमान बांधण्यात आली. तिच्या आत बुद्धमूर्ती कोरल्या आहेत आणि बौद्ध धारणी सहा लिप्यांत लिहिल्या आहेत. त्यात संस्कृतही आहे. माणसे अडवण्यासाठी असलेल्या खिंडीत सहा प्रकारच्या वाटसरूंना वाचता यावे म्हणून केलेले हे लेखन. भारतातून निघालेला विचार भिंतीच्या दारात जाऊन बसला, तो असा.

वेशीची नावे उरली

शेवटी आपल्या शहराविषयी. कोल्हापूरलाही तट होता, वेशी होत्या. आज तट नाही, पण गंगावेस, रंकाळावेस ही नावे रोज आपल्या तोंडी असतात. वेस म्हणजे गावाची हद्द. आत कोण राहील आणि बाहेर कोण, हे वेस ठरवी. गावोगावी काहींची घरे वेशीबाहेर होती, आणि वेशीची राखण मात्र त्यांच्याकडे. दगडाची वेस शत्रूसाठी होती, ही दुसरी वेस गावातल्याच माणसांसाठी होती.

ती दुसरी वेस पाडायला कुदळ चालत नाही. तिच्यासाठी राजर्षी शाहू महाराजांनी कागद वापरला. १९१८ साली त्यांनी महार वतनाची वेठ संपविणारा कायदा केला. १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्व मुलांना एकाच शाळेत बसविण्याचा हुकूम काढला. शी ह्वांग तीनेही आतल्या भिंती पाडल्या होत्या, पण त्या पाडून त्याच माणसांना बाहेरच्या भिंतीच्या वेठीला जुंपले. शाहू महाराजांनी आतली भिंत पाडली आणि वेठही बंद केली. दोन राजांच्या हिशेबांतला हा फरक ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

कोणी म्हणेल, मग किल्ल्यांचा अभिमान धरू नये काय? अवश्य धरावा. ज्या तटासाठी आपल्या पूर्वजांनी दगड वाहिले, ज्याच्या घेऱ्यात त्यांनी रात्री जागून काढल्या, तो तट आपला नाही तर कोणाचा? अभिमान धरायचा तो पूर्ण खातेवही वाचून. आणि आपली वस्तू म्हटली की ती सांभाळायची जबाबदारीही आली. चीनमध्ये लोकांनी भिंतीच्या विटा काढून घरे आणि गोठे बांधले. २००६ साली खास नियम झाले, तरी २०२३ साली शान्शी प्रांतात दोघांनी रस्ता जवळ पडावा म्हणून यंत्राने भिंतीला खिंडार पाडलेच. आपल्याकडे दगडांवर बदाम आणि नावे कोरणारे वीर कमी नाहीत. पन्हाळा हा वस्ती असलेला गड आहे, तेथे नगरपरिषद आहे, शाळा आहे, संसार आहेत. वारशाचे जतन व्हावे आणि राहणाऱ्यांच्या पोटालाही धक्का लागू नये, हे दोन्ही सांभाळावे लागेल. १८४४ ची आठवण त्यासाठी पुरेशी आहे.

या सुट्टीत मुलाबाळांना घेऊन पन्हाळ्याला जरूर जा. तीन दरवाजा आणि सज्जाकोठी तर सर्वच दाखवितात. आपण अंबारखान्यात उभे राहून मुलांना एवढ्या धान्याचे ओझे वर कोणी वाहिले असेल ते विचारा. राजदिंडीची वाट दाखवा. शिवा काशीद यांच्या स्मारकापाशी दोन मिनिटे थांबा आणि त्यांचे गाव, त्यांचा समाज, त्यांचे काम मुलांना नावानिशी सांगा. बायाबापड्यांनी चढ पाहून घाबरू नये, एसटी आणि वाहने वरपर्यंत जातात. बरोबर पाण्याची बाटली आणि भाकरी-चटणी असू द्यावी. कागद आणि पिशव्या मात्र परत आणाव्यात.